पिटिशनवरची तारीख

ओहायो राज्यातील डेटन शहराजवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे मोटारगाड्यांच्या वायरिंग हार्नेसची तपासणी करत होते. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगभर पसरणारी तारांची जुडी. प्रत्येक तार ठरावीक लांबीला कापायची, तिच्या टोकांवर धातूचे टर्मिनल दाबून बसवायचे, मग ती फळ्यावरच्या खुंट्यांमधून वळवत इतर तारांबरोबर टेपने गुंडाळायची आणि शेवटी प्रवाह सोडून एकेक जोड तपासायचा. यातील कापणे आणि दाबणे यंत्रे करतात. मांडणी आणि गुंडाळणी मात्र अजूनही बहुतांशी हातानेच होते, आणि म्हणूनच हा उद्योग कमी मजुरीच्या प्रदेशांकडे कित्येक दशकांपासून सरकत आला आहे. मेक्सिकोच्या सीमेवरील सिउदाद ह्वारेस शहरात असे हार्नेस बनवणारे कारखाने अनेक वर्षांपासून आहेत. आमचे कामही मेक्सिकोलाच गेले. ते एका दिवसात गेले नाही, एकेक लाइन करत गेले, आणि पुढे जे घडले त्यात या संथपणाचा मोठा वाटा होता, म्हणून तो आधी सांगते.

पहिली लाइन 2016 च्या जानेवारीत बंद झाली. त्या महिन्याच्या 22 तारखेला, शुक्रवारी, अकरा जणांना कामावरून कमी करण्यात आले. त्यांत मला टेबलाशी उभे राहून हे काम शिकवणारी बाई होती. तिची वीस वर्षांहून अधिक नोकरी झाली होती आणि वय 58 होते. मागणी घटली आहे, एवढेच आम्हाला सांगण्यात आले. त्यानंतर तीन महिन्यांनी मेक्सिकोतील प्लांटमधून दोन तरुण तपासणीचे काम शिकायला आले आणि त्यांना शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. दोघेही मेहनती आणि सभ्य होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात कधीही कटुता नव्हती. ते कशासाठी शिकत आहेत हे न कळण्याइतके आम्ही कोणीच अजाण नव्हतो. पण कळलेल्या गोष्टीचे काय करायचे असते, हे आम्हाला माहीत नव्हते.

17 जानेवारी 2017 रोजी सर्वांना कँटीनमध्ये बोलावून संपूर्ण कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर करण्यात आले. शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकाने कारखाना बंद करण्यापूर्वी 60 दिवस आधी लेखी सूचना द्यावी, असा 1988 चा संघराज्याचा कायदा आहे. ती सूचना आम्हाला मिळाली, आणि तशीच ती राज्य सरकारलाही गेली. राज्याकडे सूचना पोहोचली की रॅपिड रिस्पॉन्स नावाचे पथक कारखान्यात येऊन कामगारांना बेरोजगारी विमा, आरोग्य विमा आणि पुनर्प्रशिक्षण यांची माहिती देते. हे पथक आमच्याकडे 1 फेब्रुवारीला आले. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’, म्हणजे टीएए, हे शब्द ऐकले.

पथकातील बाईंनी जे सांगितले त्याचा सारांश असा होता. आयातीमुळे किंवा उत्पादन परदेशी हलवल्यामुळे ज्यांची नोकरी जाते, अशा कामगारांसाठी संघराज्य सरकारची वेगळी योजना आहे. तिच्यात शिक्षणाचा पूर्ण खर्च मिळतो, शिकत असताना आठवड्याचा भत्ता मिळतो, नोकरी शोधायला किंवा दुसऱ्या गावी जायला मदत मिळते. परंतु ही मदत आपोआप सुरू होत नाही. कामगारांच्या वतीने कोणीतरी पिटिशन दाखल करावे लागते, वॉशिंग्टनमधील श्रम खाते तपास करते, आणि त्या कारखान्यातील कामगारांचा गट पात्र असल्याचे प्रमाणपत्र निघाले, तरच पुढचे सगळे उघडते. पिटिशन युनियन करू शकते, कंपनी करू शकते, राज्याचे रोजगार कार्यालय करू शकते. आमच्याकडे युनियन नव्हती. चौथा मार्ग होता तो कोणत्याही तीन कामगारांनी मिळून सह्या करण्याचा.

माझ्या डोक्यात त्याच क्षणी 2016 च्या जानेवारीतील ते अकरा जण आले. मी हात वर करून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की पिटिशनवरच्या तारखेपासून मागे एक वर्षाच्या आत ज्यांची नोकरी गेली असेल तेच प्रमाणपत्राच्या कक्षेत येतात. 22 जानेवारी 2016 ला वर्ष उलटून तेव्हा दहा दिवस झाले होते. कारखाना बंद होण्याची घोषणा 17 तारखेला झाली होती, म्हणजे घोषणेनंतरसुद्धा पाच दिवस आमच्या हातात होते, आणि त्या पाच दिवसांत एक दोन-तीन पानांचा फॉर्म भरला असता तर अकराही जण आत आले असते. शिवाय त्या अकरांपैकी कोणत्याही तिघांना नोकरी जाताच हा फॉर्म भरता आला असता. पण अकरा ही संख्या 60 दिवसांच्या सूचनेच्या कायद्यात बसत नाही; सूचना नाही म्हणून पथक आले नाही, आणि पथक आले नाही म्हणून त्यांना कोणी काही सांगितले नाही. थोड्या-थोड्या संख्येने काम हलवले की कामगार या माहितीपासून किती सहज वंचित राहतात, हे मला त्या सभेत समजले आणि ते मी आजही विसरलेले नाही.

सभा संपल्यावर आम्ही तिघांनी, म्हणजे मी, क्रिंपिंग, म्हणजे टर्मिनल दाबून बसवण्याच्या, विभागातील एक सहकारी आणि शिपिंगमध्ये काम करणारे एक गृहस्थ, फॉर्म घेतला. त्यात कंपनीचे नाव-पत्ता, आम्ही काय बनवत होतो, किती जणांची नोकरी गेली किंवा जाणार आहे, कंपनीतील कोणत्या अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, आणि परदेशी व्यापारामुळे हे घडले असे आम्हाला का वाटते, एवढे विचारले होते. शेवटच्या प्रश्नावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. ‘मेक्सिकोला काम गेले’ एवढे लिहून भागले असते, कारण पुरावा गोळा करण्याचे काम तपास अधिकाऱ्याचे असे. पण आम्हाला ते ठाऊक नव्हते, आणि आता मागे वळून पाहता आम्ही सविस्तर लिहिले हे बरेच झाले. कोणती लाइन कोणत्या महिन्यात थांबली, कोणत्या भागक्रमांकाचे हार्नेस नंतर तिकडून तयार होऊन आमच्याच गोदामात येऊ लागले, मी दोन जणांना किती आठवडे प्रशिक्षण दिले, शिपिंगच्या गृहस्थांनी कोणत्या यंत्रांच्या खोक्यांवर कोणता पत्ता पाहिला, हे सारे तारखांसह लिहून 6 फेब्रुवारी 2017 रोजी पिटिशन पाठवले. त्याची एक प्रत राज्याकडेही द्यावी लागत असे.

वाट पाहण्याच्या काळात मी या कायद्याचा इतिहास वाचला. ही योजना 1962 सालच्या ट्रेड एक्स्पान्शन अ‍ॅक्टमधून आली. आयातीवरचे कर कमी केल्याने साऱ्या देशाचा फायदा होणार असेल, तर त्याची किंमत ज्या थोड्या लोकांना मोजावी लागते त्यांना देशाने सावरले पाहिजे, अशी त्यामागची केनेडी प्रशासनाची भूमिका होती. मात्र पात्रतेच्या अटी इतक्या कडक होत्या की 1969 पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. 1974 च्या ट्रेड अ‍ॅक्टने त्या अटी शिथिल केल्या. पुढे मेक्सिको आणि कॅनडाबरोबरच्या नाफ्टा करारानंतर वेगळी तरतूद झाली, 2002 साली ती मूळ योजनेत मिसळली गेली, 2009 साली सेवाक्षेत्रातील कामगारांचाही समावेश झाला, आणि आम्ही अर्ज केला तेव्हा 2015 चे नियम लागू होते. प्रत्येक टप्प्यावर मुदती, टक्केवारी आणि पात्रता बदलत गेली. म्हणूनच कोणा ओळखीच्या माणसाने दहा वर्षांपूर्वी काय मिळवले, यावर विसंबून कोणी आपला हिशेब मांडू नये, असे मी नंतर अनेकांना सांगत आले.

तपासासाठी कायद्याने 40 दिवस ठरवले होते. तपास अधिकारी कंपनीला गोपनीय माहितीची प्रश्नावली पाठवत असे, त्यात विक्री, उत्पादन, कामगारसंख्या आणि स्थलांतराची माहिती मागितलेली असे, आणि उत्तर न आल्यास समन्स काढण्याचा अधिकार खात्याला होता. आम्हाला अधिकाऱ्याचा एकच फोन आला आणि त्याने भागक्रमांकांविषयी दोन प्रश्न विचारले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल लागला आणि आमचा गट पात्र ठरला. उत्पादनाचे परदेशी स्थलांतर हेच कारण त्यात नोंदवलेले होते. त्या कागदावर आपण लिहिलेली गोष्ट सरकारी भाषेत, सत्य म्हणून, छापलेली पाहताना मला रडू आले. ‘मागणी घटली आहे’ हे वाक्य वर्षभर ऐकल्यानंतर खरे कारण कोणीतरी लेखी मान्य केले होते.

मात्र त्या कागदात आमच्याच चुकीने एक उणीव राहिली होती. आमच्या लाइनवर जवळपास चाळीस जण टेम्प एजन्सीमार्फत, म्हणजे तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, येत. ते आमच्या शेजारी उभे राहून तेच काम करत, पण त्यांचा पगार एजन्सी देत असे. पिटिशनमध्ये आम्ही एजन्सीचे नाव लिहिलेच नाही, कारण ते आपल्यातलेच आहेत हे आम्ही गृहीत धरले होते. प्रमाणपत्र कंपनीच्या कामगारांपुरते निघाले, आणि त्यातील पहिला टेम्प कामगार रोजगार केंद्रावर गेला तेव्हा त्याला यादीत नाव नसल्याचे सांगण्यात आले. तो माझ्या घरी आला, दारातच उभा राहिला, आणि रागावण्याऐवजी त्याने ‘आम्ही मोजले जात नाही का?’ एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी आम्ही राज्याच्या टीएए समन्वयकांना गाठले. त्यांनी शांतपणे समजावले की त्या ठिकाणी काम करणारे एजन्सीचे कामगारही समाविष्ट होऊ शकतात आणि त्यासाठी प्रमाणपत्रात दुरुस्ती मागता येते. मग वेतनाच्या पावत्या, हजेरीपत्रके आणि त्यांच्या कामावर कंपनीचेच पर्यवेक्षक देखरेख करत होते हे सांगणारी निवेदने जोडून अर्ज गेला. काही आठवड्यांनी एजन्सीच्या नावासह सुधारित प्रमाणपत्र आले. या संपूर्ण प्रक्रियेत मी केलेल्या कामांपैकी सर्वांत जास्त समाधान मला याच कामाने दिले.

28 एप्रिल हा माझा शेवटचा दिवस होता. त्यानंतर मी ओहायोचा नेहमीचा बेरोजगारी विमा सुरू केला, जो आठवड्याच्या सरासरी वेतनाच्या साधारण निम्मा असतो आणि जास्तीत जास्त 26 आठवडे मिळतो. माझे वेतन ताशी 19 डॉलर, म्हणजे आठवड्याला 760 होते, त्यामुळे मला 380 डॉलर मिळू लागले. हा विमा संपल्यावर टीआरए नावाचा व्यापार-पुनर्समायोजन भत्ता त्याच साप्ताहिक रकमेने सुरू होत असे: आधी मूळ भत्ता, जो विम्यासह एकूण 52 आठवडे भरून काढत असे, मग प्रशिक्षण चालू असेल तर आणखी 65 आठवडे, आणि अभ्यासक्रम पूर्ण होण्याच्या बेतात असेल तर शेवटचे 13 आठवडे. सर्व मिळून 130 आठवडे होत. ऐकायला हा काळ मोठा वाटतो, पण 380 डॉलरवर आयकर लागत होता, घराचे हप्ते थांबत नव्हते, आणि भत्ता चालू राहण्यासाठी पूर्णवेळ शिक्षणात असणे आवश्यक होते. शिवाय प्रमाणपत्र किंवा नोकरी सुटणे, यांपैकी जे नंतर घडले असेल तेव्हापासून 26 आठवड्यांच्या आत प्रशिक्षणात नाव नोंदवले नाही, तर भत्त्याचा हक्क जात असे. ही मुदत मी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली होती.

प्रशिक्षण मंजूर होण्यासाठी सहा निकष होते. योग्य नोकरी उपलब्ध नसणे, प्रशिक्षणाचा उपयोग होणार असणे, त्यानंतर नोकरी मिळण्याची वाजवी शक्यता असणे, प्रशिक्षण उपलब्ध असणे, ते पूर्ण करण्याची आपली पात्रता असणे, आणि ते वाजवी खर्चात होणे. माझ्यापुढे अडचण पहिल्याच निकषाची आली, कारण माझ्याकडे रसायनशास्त्राची भारतातील पदवी होती. पदवी असलेल्या व्यक्तीला प्रशिक्षण कशाला, असा प्रश्न समुपदेशक बाईंनी विचारला, आणि तो त्यांनी विचारायलाच हवा होता. कायद्यात योग्य नोकरीची व्याख्या दिलेली आहे: आधीच्या कामाइतके किंवा त्याहून वरचे कौशल्य लागणारी आणि आधीच्या सरासरी साप्ताहिक वेतनाच्या किमान 80 टक्के पगार देणारी नोकरी. माझ्या बाबतीत ही रक्कम आठवड्याला 608 डॉलर, म्हणजे ताशी 15 डॉलर 20 सेंट होत होती. मी सहा आठवडे केलेल्या अर्जांची वही त्यांच्यापुढे ठेवली. गोदामांतून ताशी 11-12 डॉलरचे देकार होते. प्रयोगशाळांनी तेवीस वर्षांपूर्वीच्या पदवीला आणि मधल्या काळातील कारखान्याच्या कामाला उत्तरच दिले नव्हते. वही पाहून त्यांनी पहिला निकष पूर्ण झाल्याची नोंद केली. आपण कोठे अर्ज केला, कोणी काय उत्तर दिले, हे तारखेसह लिहून ठेवण्याची सवय मला तपासणीच्या कामाने लावली होती, आणि ती इथे कामी आली.

मला आधी नर्सिंगला जायचे होते. समुपदेशक बाईंनी कागदावर आठवडे मांडून दाखवले: पूर्वतयारीचे विषय, प्रवेशाची प्रतीक्षायादी, मग प्रत्यक्ष अभ्यासक्रम, बेरीज 130 आठवड्यांच्या पलीकडे जात होती. मी निराश झाले. मग त्यांनी विचारले की कारखान्यात दिवसभर नेमके काय करायचात. मी सांगितले: नमुना घ्यायचा, उपकरणाचे अंशांकन, म्हणजे ते अचूक मोजते का, पाहायचे, मोजायचे, मर्यादेत आहे की नाही ते नोंदवायचे, नसेल तर सही करून थांबवायचे. त्या म्हणाल्या, रुग्णालयातील प्रयोगशाळेत हेच करतात. अशा रीतीने मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठरला. परिसरातील कम्युनिटी कॉलेजमध्ये तो होता, तीन रुग्णालयांच्या जाहिराती मी मागणीचा पुरावा म्हणून जोडल्या, आणि जुन्या पदवीच्या मूल्यमापनामुळे रसायनशास्त्राचे काही विषय माफ झाले. शुल्क, पुस्तके, प्रयोगशाळेतला कोट, प्रमाणन परीक्षेची फी, हे सारे योजनेने भरले. ऑगस्टमध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, मी वर्गात बसले.

शिपिंगमधील गृहस्थांनी वेगळी वाट धरली. ते 57 वर्षांचे होते आणि त्यांना पुन्हा शाळेत जायचे नव्हते. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची नोकरी स्वीकारली आणि नवे वार्षिक उत्पन्न 50,000 डॉलरच्या आत असेल, तर जुन्या आणि नव्या पगारातील फरकाचा निम्मा भाग दोन वर्षांपर्यंत देण्याची तरतूद 2015 च्या नियमांत होती, कमाल 10,000 डॉलरपर्यंत. त्यांचा पगार ताशी 19 वरून 14 वर आला होता. वर्षाचा फरक 10,400, त्याचा निम्मा 5,200, दोन वर्षांचे 10,400. म्हणजे मर्यादेमुळे त्यांचे केवळ 400 डॉलर गेले. मला काम शिकवणाऱ्या बाईंचे वय त्यांच्याहून जास्त होते आणि त्या तेव्हा एका दुकानात ताशी साडेनऊ डॉलरवर उभ्या राहत होत्या. त्यांना हे सारे सांगायला मी स्वतः गेले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले, तारीख दोनदा विचारली, आणि म्हणाल्या, “दोन आठवडे, नाही का?” त्यानंतर त्यांनी मला चहा दिला आणि माझ्या वर्गाविषयी विचारत राहिल्या.

आरोग्य विम्यासाठी स्वतंत्र करसवलत होती. नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याची कोब्रा नावाची सोय अमेरिकेत आहे, पण पूर्ण हप्ता बेकार माणसाला झेपत नाही. टीएएच्या पात्रतेमुळे हप्त्याच्या 72.5 टक्के भार सरकार उचलत असे आणि आम्हाला 27.5 टक्के भरावे लागत. मात्र ही सवलत दरमहा थेट मिळण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागत असे. ती होईपर्यंत मी तीन महिने पूर्ण रक्कम भरली आणि पुढच्या वर्षी आयकर विवरणपत्रातून परत मिळवली. माझ्या काही सहकाऱ्यांनी एवढी रक्कम आगाऊ भरता येत नाही म्हणून विमाच सोडून दिला. सवलत कागदावर असूनही हातात वेळेवर न पोहोचल्याने ती वाया गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

शिक्षणाच्या दोन वर्षांविषयी फार लिहीत नाही. अभ्यास कठीण होता, घरच्यांनी साथ दिली. पण भत्ता कोठे अडतो ते सांगणे आवश्यक आहे. दर आठवड्याच्या हजेरीच्या कागदावर प्रत्येक प्राध्यापकाची सही लागत असे. ऑक्टोबरमध्ये एका सहीअभावी माझा कागद परत आला आणि तीन आठवडे पैसे आले नाहीत. विम्याकडून भत्त्याकडे जाताना स्वतंत्र अर्ज करावा लागत असे, ते आपोआप होत नसे. सुट्टी 30 दिवसांपेक्षा लांबली तर त्या काळाचा भत्ता मिळत नसे, म्हणून उन्हाळ्यातही मी विषय घेतले. दर 60 दिवसांनी प्रगती तपासली जात असे: गुण समाधानकारक आहेत का, आणि वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास पूर्ण होईल का. आमच्यातील एका तरुण आईने मूल आजारी पडल्यामुळे एक विषय सोडला, तिची नोंद पूर्णवेळ राहिली नाही, आणि तिचा भत्ता थांबला. पत्र हातात पडल्यावर तिने आम्हाला सांगितले, आधी नाही. विषय सोडण्यापूर्वी समुपदेशकाला एक फोन केला असता तर कदाचित दुसरी वाट निघाली असती. नियम कडक असायला माझी हरकत नाही, परंतु रात्री तापलेल्या मुलाजवळ बसलेल्या माणसाला ते आठवतील अशा रीतीने कोणी सांगितलेले नव्हते.

रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाची माझी जागा एका सत्राने लांबली आणि अभ्यासक्रम 2019 च्या सप्टेंबरपर्यंत गेला. जुलैअखेर 117 आठवडे संपले. प्रगतीची दर दोन महिन्यांची नोंद स्वच्छ होती, म्हणून शेवटच्या 13 आठवड्यांच्या भत्त्यास मी पात्र ठरले आणि त्यांतील आठच वापरावे लागले. नोव्हेंबरमध्ये मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ताशी 21 डॉलरवर रुजू झाले. रक्ताच्या नमुन्यांच्या यंत्राचे पहिल्या सकाळी अंशांकन तपासताना माझे हात जुन्याच सवयीने चालत होते.

ही योजना आज कोणत्या अवस्थेत आहे हेही सांगितले पाहिजे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुदत न वाढवल्यामुळे 1 जुलै 2022 पासून श्रम खात्याने नव्या पिटिशनवर निर्णय देणे बंद केले. आधीच्या प्रमाणपत्रांखाली जे पात्र ठरले होते त्यांचे लाभ चालू राहिले. ज्यांचे काम त्यानंतर परदेशी गेले त्यांच्यासाठी तो दरवाजा मिटला. या योजनेवर टीका करणारे म्हणतात की कामगाराची नोकरी व्यापारामुळे गेली की यंत्रामुळे, हा भेद का करावा. मदत सर्वांना सारखी द्यावी. हा युक्तिवाद मला पटतो, पण त्यावरचा उपाय मदत वाढवणे हा आहे, असलेली काढून घेणे हा नाही. व्यापारविषयक करार आणि धोरणे सरकार ठरवते. त्यांचा भार ज्याच्या टेबलावर पडतो त्याला 130 आठवड्यांचा श्वास देणे हे त्या निर्णयाचाच भाग आहे, असे मी मानते.

2023 च्या वसंत ऋतूत प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने त्याच्या शेजारणीला माझ्याकडे पाठवले. ती काम करत असलेल्या कारखान्यातील उत्पादन आशियात हलवले जाणार होते आणि पहिल्या फेरीत नऊ जणांना काढले होते. नऊ हा आकडा ऐकताच मी उठून जुनी फाइल काढली, आमच्या पिटिशनची प्रत तिच्यापुढे ठेवली, आणि मगच मला सांगावे लागले की असा कागद आता स्वीकारला जात नाही. तिने तो तरीही पूर्ण वाचला. तीन सह्यांच्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली की एवढे तर त्यांनी आज संध्याकाळपर्यंत आणले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर रोजगार केंद्रावर गेले. नोकरी गमावलेल्या कामगारांसाठी 2014 च्या कायद्याखाली चालणारी सर्वसाधारण योजना अजून आहे आणि तिच्यात कारणाची अट नाही; पण शिक्षणासाठी किती रक्कम द्यायची हे स्थानिक मंडळ ठरवते, आणि टीआरएसारखा लांब पल्ल्याचा भत्ता तिच्यात नाही. तिचा बेरोजगारी विमा 26 आठवडे टिकणार होता, म्हणून त्या मुदतीत पूर्ण होईल असा रक्त काढण्याच्या कामाचा छोटा अभ्यासक्रम आम्ही निवडला. तिने फॉर्म भरला. तारीख लिहिताना तिने माझ्याकडे पाहिले, आणि आजचीच लिही, असे मी तिला सांगितले. बाकीच्या आठ जणांची नावे आणि फोन नंबर तिने त्याच टेबलावर बसून समुपदेशकांना दिले.